दासगावचा धक्का : एका उताराचा इतिहास

दरवर्षी २० मार्च आणि २५ डिसेंबर या दिवशी धाराशिव जिल्ह्यातून अनेक उपासक-उपासिका महाडला जातात. पुण्याकडून घाट उतरून मंडळी महाडास पोहोचतात, चवदार तळ्याला वंदन करतात, क्रांतिस्तंभापुढे नतमस्तक होतात आणि परत फिरतात. त्याच महाडपासून सुमारे पाच मैलांवर, सावित्रीच्या खाडीकाठी, दासगाव नावाचे एक जुने बंदर आहे. मुंबई-गोवा रस्त्यावरून जाणाऱ्याला ते एक लहान गाव म्हणून दिसते. आपल्यापैकी फार थोडे लोक तेथे उतरतात. वास्तविक महाडच्या सत्याग्रहाचे दुसरे पर्व याच धक्क्यावरून सुरू झाले. प्रस्तुत लेखात दासगावच्या या उताराची हकीकत सांगावयाची आहे. पाण्यापर्यंत खाली उतरण्याचा अधिकार कोणाला, हा प्रश्न या खाडीच्या इतिहासात पुन्हापुन्हा उभा राहिलेला दिसतो, आणि पालि साहित्याच्या अभ्यासकाला त्या प्रश्नाचे मूळ एका जुन्या शब्दात सापडते.

'तित्थ' या शब्दाचा अर्थ

तो शब्द म्हणजे 'तित्थ'. संस्कृत 'तीर्थ' आणि पालि 'तित्थ' हे एकच शब्द होत. 'तॄ' म्हणजे तरणे, ओलांडणे, या धातूपासून ते आले. तित्थ म्हणजे जेथून पाण्यात उतरता येते ती जागा. नदीचा उतार, नावेचा धक्का आणि तळ्याच्या पायऱ्या, या तिन्ही गोष्टींना पालित हाच शब्द आहे. पुढे मतांच्या प्रवर्तकांना 'तित्थकर' आणि त्यांच्या अनुयायांना 'तित्थिय' म्हणू लागले. परंतु त्या अर्थांच्या मुळाशीही पार जाण्याची वाट दाखविणे हीच कल्पना आहे. तीर्थ म्हणजे पवित्र क्षेत्र, आणि पवित्र म्हणून काहींना वर्ज्य, हा अर्थ नंतर रूढ झाला.

मज्झिमनिकायातील चूळगोपालक सुत्तात मगधातील दोन गोपालांची कथा येते. पावसाळा संपता संपता एका मूर्ख गोपालाने अलीकडचा व पलीकडचा तीर न पाहता, जेथे उतार नाही अशा ठिकाणी गुरे गंगेत घातली. ती मधल्या प्रवाहात सापडून बुडाली. दुसऱ्याने दोन्ही तीर नीट पाहिले, योग्य तित्थ शोधले आणि क्रमाने गुरे पार नेली. प्रथम बलिष्ठ बैल, मग सशक्त गाई, मग खोंडे व कालवडी, आणि शेवटी नुकते जन्मलेले वासरूही आईच्या हंबरण्यामागे पोहत पलीकडे गेले. या दृष्टांताचा मुख्य विषय योग्य व अयोग्य मार्गदर्शकाचा आहे. तथापि उतार चांगला की वाईट याची परीक्षा सर्वांत दुबळा जीव पार गेला की नाही यावरून होते, हेही त्यातून स्पष्ट होते.

त्याच निकायातील चूळअस्सपुर सुत्तातला दृष्टांत तर महाडच्या वाचकाला थबकवणारा आहे. एक पुष्करिणी आहे. तिचे पाणी स्वच्छ, गोड व थंड आहे आणि तिला चांगले तित्थ आहे. उन्हाने तापलेला, तहानलेला मनुष्य पूर्वेकडून येवो, पश्चिमेकडून येवो, उत्तरेकडून वा दक्षिणेकडून येवो, त्या पुष्करिणीवर आला की त्याची तहान भागते. त्याचप्रमाणे क्षत्रिय कुळातील, ब्राह्मण कुळातील, वैश्य कुळातील वा शूद्र कुळातील कोणीही घर सोडून तथागतांच्या धम्मविनयात आला आणि त्याने मैत्री, करुणा, मुदिता व उपेक्षा यांचा अभ्यास केला, तर त्याला अंतरीची शांती लाभते. दृष्टांतासाठी भगवंतांनी सर्वांना खुल्या असलेल्या तळ्याचे चित्र निवडले. ऐकणाऱ्यांना असे तळे ओळखीचे होते, म्हणूनच तो दृष्टांत त्यांना कळला असला पाहिजे.

तरीचे शुल्क आणि तरीचे दान

उतारावर नाव आली की शुल्क आले. महापरिनिब्बान सुत्तात पाटलिगामाच्या वर्णनात भरून वाहणारी गंगा आहे आणि काठावर पार जाण्याच्या धडपडीत असलेली माणसे आहेत. कोणी नाव शोधतो, कोणी तराफा शोधतो, कोणी वेत-काटक्यांचा कुल्ल बांधतो. भगवान जेथून पार गेले त्या उताराला मगधाच्या मंत्र्यांनी 'गोतमतित्थ' असे नाव दिले. त्या प्रसंगातील चमत्काराचा भाग उत्तरकालीन रचनाकारांचा मानला, तरी नदीकाठच्या जीवनाचे हे चित्र खरे आहे. ज्याच्याजवळ नाव नाही व द्रव्य नाही, त्याने काटक्या गोळा कराव्यात, अशी ती स्थिती होती. ललितविस्तरात तर वाराणसीच्या वाटेवर खुद्द बुद्धांनाच नावाड्याने उतराई मागितली आणि ही वार्ता कळल्यावर बिंबिसाराने प्रव्रजितांचे शुल्क माफ केले, अशी कथा आहे.

कौटिल्याच्या अर्थशास्त्रात नावाध्यक्ष या अधिकाऱ्याकडे हे सर्व काम दिलेले आहे. ब्राह्मण, प्रव्रजित, बालक, वृद्ध, रोगी, राजदूत व गर्भवती यांना तेथे शुल्कमाफी आहे. मनुस्मृतीच्या आठव्या अध्यायातही तरीच्या शुल्काचे नियम आहेत. गाडीला एक पण, भार वाहणाऱ्या माणसाला अर्धा पण, पशू व स्त्री यांना पाव पण असे दर सांगून दोन महिन्यांहून अधिक गर्भवती, प्रव्रजित, मुनी, ब्राह्मण इत्यादींना सवलत दिली आहे. दोन्ही याद्या शेजारी ठेवल्या म्हणजे एक फरक ध्यानात येतो. बालक, वृद्ध व रोगी मनूच्या यादीत नाहीत.

या पार्श्वभूमीवर नाशिकच्या पांडवलेण्यांतील दहाव्या लेण्याचा शिलालेख पाहावा. तो नहपान क्षत्रपाचा जावई उषवदात याचा आहे. इबा, पारादा, दमणा, तापी, करबेणा व दाहनुका या नद्यांवर त्याने पुण्यार्थ नावा ठेवल्या आणि त्यांच्या दोन्ही तीरांवर विसाव्याच्या सभा व पाणपोया बांधल्या, असे तो लेख सांगतो. दाहनुका म्हणजे आजची डहाणूची नदी. शूर्पारक, म्हणजे सोपारा, आणि भरुकच्छ येथे धर्मशाळा बांधल्याचाही उल्लेख त्यात आहे. उषवदात केवळ बौद्धांचा दाता नव्हता. ब्राह्मणांना गाई व गावे दिल्याचे तोच लेख सांगतो. पण जे लेणे त्याने कोरविले ते चारी दिशांच्या भिक्खूंसाठी होते. पश्चिम किनाऱ्यावरचा फुकट तर, दोन्ही काठांवरची पाणपोई आणि भिक्खूंचे लेणे ही तिन्ही दाने एकाच शिळेवर नोंदलेली आहेत, ही गोष्ट आपल्या विषयाच्या दृष्टीने महत्त्वाची आहे.

तगर ते सावित्रीची खाडी

धाराशिवच्या वाचकांना वाटेल की या समुद्राशी आपला काय संबंध? आपला जिल्हा समुद्रापासून दूर. पण तेरणाकाठचे तेर म्हणजे प्राचीन तगर. इसवी सनाच्या पहिल्या शतकातील 'पेरिप्लस' या ग्रीक प्रवासग्रंथात पैठणच्या पूर्वेला दहा दिवसांच्या वाटेवर तगर असल्याचे लिहिले आहे. तेथून साधे कापड व तलम कापड गाड्यांत भरून भडोचला जाई. त्याच ग्रंथात आणखी एक वाक्य आहे, ज्याकडे सहसा लक्ष जात नाही. समुद्रकाठच्या प्रदेशांतून आलेला मालही तगरच्या पेठेत येत असे, असे तो ग्रंथकार म्हणतो. म्हणजे वाट दुहेरी होती. तेरच्या त्रिविक्रम मंदिराचा मूळ गाभा हे विटांचे बौद्ध चैत्यगृह होते, असे हेन्री कझिन्स यांनी विसाव्या शतकाच्या आरंभी मांडले. तेरचा व्यापारी आणि तेरचा उपासक हे एकाच नगराचे रहिवासी होते.

घाटमाथ्याचा माल समुद्राकडे जावयाचा तर त्याला घाट उतरून एखाद्या खाडीच्या मुखाशी नव्हे, तर तिच्या शेवटाशी यावे लागे. कारण भरतीच्या पाण्यावर गलबत जितके आत येईल तितका बैलांचा प्रवास कमी. चौल, राजपुरी, बाणकोट या खाड्यांचे महत्त्व यातच आहे. पेरिप्लसने चौलच्या दक्षिणेस मंदगोर व पलैपत्मै ही बंदरे सांगितली आहेत. त्यांपैकी पलैपत्मै म्हणजे महाडजवळचे पाले असावे, असे काही अभ्यासकांनी सुचविले आहे. हे नामसाम्यावर आधारलेले अनुमान आहे. याहून भक्कम पुरावा शिलालेखांचा आहे. राजपुरीच्या खाडीवरील कुडा लेण्यांत माळी आहे, वैद्य आहे, आणि करहाकडचा, म्हणजे कऱ्हाडचा, लोखंडाचा व्यापारी आहे. कऱ्हाडचा लोहवणिक खाडीकाठच्या लेण्यात दान देतो, याचा अर्थ त्याचे बैल व त्याची श्रद्धा दोन्ही त्याच वाटेने खाली उतरत होती.

सावित्री महाबळेश्वरला उगम पावते व हरिहरेश्वर आणि बाणकोट यांच्यामधून समुद्राला मिळते. महाडजवळ तिला गांधारी व काळ या नद्या येऊन मिळतात. येथेच पाले गावाच्या डोंगरात, आज गांधारपाले या नावाने ओळखली जाणारी लेणी आहेत. त्यांतील एका शिलालेखात कुमार काणभोज विष्णुपालित याने लेणे, चैत्यगृह व आठ ओवऱ्या दिल्याची नोंद आहे. लेख तेवढ्यावर थांबत नाही. लेण्याच्या दोन्ही बाजूंस दोन पोढी, म्हणजे पाण्याची कुंडे, आणि लेण्याला जोडलेला पथ हेही त्याने दिले. राहण्याची जागा, पाणी आणि पाण्यापर्यंतची वाट, असे हे दान आहे. दुसऱ्या लेखात संघरक्षित नावाच्या गृहपतीच्या पुत्राचे दान आहे. सावित्रीच्या खोऱ्यात कोल येथेही लेणी आहेत. खाडीने येणारा खलाशी, घाटाने येणारा तांड्याचा व्यापारी आणि वर्षावासासाठी थांबलेला भिक्खू अशा तिघांना या डोंगराच्या पायथ्याशी पाणी मिळत होते.

येथे एक सावधगिरीची सूचना करणे आवश्यक आहे. पालेच्या पोढी आणि चवदार तळे यांच्यात सरळ रेषा ओढण्याचा मोह आपल्या काही वक्त्यांना होतो. मधली सुमारे सतराशे वर्षे अशी ओलांडता येत नाहीत. सांगता येते ते एवढेच की ज्या खोऱ्यात पाण्याचे व वाटेचे दान दगडात कोरले गेले, त्याच खोऱ्यात पुढे माणसाला पाण्यापासून दूर ठेवण्याची रूढी धर्म म्हणून नांदली. हा बदल कसा झाला, हाच खरा संशोधनाचा विषय आहे.

बंदर दासगाव

मध्ययुगातही सावित्रीच्या खाडीची वाहतूक चालू राहिली. १७५६ साली पेशव्यांशी झालेल्या तहाने बाणकोटबरोबर दासगावही इंग्रजांकडे गेले. एवढ्याशा गावाचे महत्त्व त्याच्या जागेत होते. दासगावपर्यंत मोठे पडाव येऊ शकत. त्यापुढे महाडपर्यंत पाणी उथळ, म्हणून लहान होड्या व तेही भरती पाहून. तांडेल भरतीबरोबर आत येई आणि ओहोटीबरोबर बाहेर पडे. उतारूंची वेळ घड्याळावर नसून चंद्राच्या तिथीवर असे. पुढे आगबोटी आल्या तरी हा नियम सुटला नाही.

या धक्क्यावरून माल गेला तसा माणूसही गेला. महाड-दापोलीच्या परिसरातील महार समाजातून इंग्रजी पलटणीत अनेक शिपाई भरती झाले होते. निवृत्त होऊन गावी येणाऱ्या या शिपायांनी अक्षरओळख व शिस्त बरोबर आणली. महाडजवळच्या रावढूळचे गोपाळबाबा वलंगकर हे त्यांतलेच. १८८६ साली लष्करातून निवृत्त झाल्यावर त्यांनी अस्पृश्यतेच्या शास्त्राधारांनाच प्रश्न विचारले. १८८८ साली त्यांचे 'विटाळ विध्वंसन' प्रसिद्ध झाले. पुढच्या पिढीतील रामचंद्र बाबाजी मोरे यांचे बालपण याच परिसरात गेले, आणि महाडची परिषद भरविण्याची मूळ खटपट ज्यांनी केली त्यांत ते प्रमुख होते. मुंबईच्या गोदीत व गिरण्यांत राबणारा कोकणी अस्पृश्य कामगार आणि त्याचे गाव यांना जोडणारी वाट मुख्यतः पाण्याची होती. चळवळीची पत्रे, निरोप आणि वर्तमानपत्रे त्याच वाटेने ये-जा करीत.

२५ डिसेंबर १९२७

महाडच्या पहिल्या परिषदेचा वृत्तांत सर्वविदित आहे. ४ ऑगस्ट १९२३ रोजी मुंबई विधिमंडळात बोले यांचा ठराव संमत झाला. ५ जानेवारी १९२४ रोजी महाड नगरपालिकेने तळे सर्वांना खुले केले, पण ते कागदावर. १९ व २० मार्च १९२७ रोजी परिषद भरली, २० तारखेस बाबासाहेब तळ्याच्या पायऱ्या उतरले व ओंजळभर पाणी प्याले. त्यानंतर परिषदेहून परतणाऱ्यांवर हल्ले झाले, तळ्याचे 'शुद्धीकरण' झाले आणि ४ ऑगस्टला नगरपालिकेने आपला ठराव मागे घेतला. म्हणून डिसेंबरात सत्याग्रह करण्याचे ठरले.

आता प्रश्न होता महाडला पोहोचायचे कसे. धरमतरवरून मोटारीने जाणे सोयीचे होते. पण मोटारमालकांनी बहिष्कार घातला तर शेकडो माणसे वाटेतच अडकली असती. बाणकोटच्या खाडीने दासगावला उतरले, तर बहिष्कार पडला तरी पाच मैलच चालावे लागणार होते. चरित्रकार धनंजय कीर यांनी हे कारण नोंदविले आहे. आपण त्याकडे केवळ प्रवासाचा तपशील म्हणून पाहतो. परंतु ज्यांना कोणतेही वाहन नाकारले जाऊ शकते, अशा लोकांच्या नेत्याने हा हिशेब केला होता. रस्ता दुसऱ्याच्या मालकीचा ठरू शकतो, पायी चालणे कोणी हिरावून घेऊ शकत नाही. मग चालण्याचे अंतर कमीत कमी कोठून पडते? उत्तर होते, दासगाव.

२४ डिसेंबरला सकाळी बाबासाहेब सुमारे दोनशे प्रतिनिधींसह 'पद्मावती' बोटीने मुंबईहून निघाले. २५ तारखेस दुपारी ते दासगावला पोहोचले. धक्क्यावर तीन हजारांहून अधिक सत्याग्रही त्यांची वाट पाहत उभे होते. तेथेच पोलीस अधीक्षकांनी त्यांना जिल्हाधिकाऱ्यांच्या भेटीचा निरोप दिला. बाबासाहेब मोटारीने पुढे गेले आणि सत्याग्रही शिस्तीने रांगा करून महाडकडे चालू लागले. तळ्यावर जाण्यास दिवाणी न्यायालयाचा तात्पुरता मनाई हुकूम १४ डिसेंबरला झालेला होता. परिषदेसाठी महाडात जागा मिळेना, तेव्हा फत्तेखान या मुस्लिम गृहस्थांनी आपली जमीन दिली. त्याच रात्री मनुस्मृतीचे दहन झाले. दहनाचा ठराव गंगाधर नीळकंठ सहस्रबुद्धे यांनी मांडला होता. ज्या ग्रंथाने उतारावरसुद्धा माणसामाणसांत भेद केला होता, तो दासगावला उतरलेल्या लोकांनी त्याच दिवशी जाळला.

तळ्यावरचा सत्याग्रह न्यायालयाच्या निर्णयापर्यंत तहकूब झाला. २७ डिसेंबरला शहरातून व तळ्याभोवतून मोर्चा निघाला. जमलेल्या लोकांची पाणी घेण्याची तयारी होती, मार खाण्याचीही होती. तरी बाबासाहेबांनी त्यांना आवरले आणि लढा न्यायालयात नेला. ८ जून १९३१ रोजी खालच्या न्यायालयाचा आणि १७ मार्च १९३७ रोजी उच्च न्यायालयाचा निकाल अस्पृश्यांच्या बाजूने लागला. अलीकडचा व पलीकडचा तीर पाहून कळप पार नेणाऱ्या त्या गोपालाची येथे आठवण झाल्याशिवाय राहत नाही.

महाडच्या त्या मुक्कामातील एक आठवण कीर यांनी सांगितली आहे. बाबासाहेब सहकाऱ्यांसह तेथील बौद्धकालीन लेणी पाहावयास गेले. भिक्खूंच्या अपरिग्रही व सेवामय जीवनाविषयी ते बोलले, आणि तेथील शिलासनांवर बसू नका, कारण तेथे भिक्खू बसले असतील, असे त्यांनी सहकाऱ्यांना सांगितले. धम्मदीक्षेला तेव्हा जवळजवळ एकोणतीस वर्षे अवकाश होता. मनुस्मृतीचे दहन करून आलेला हा महापुरुष दगडी आसनावर बसण्यास सहकाऱ्यांना मनाई करतो, यात त्याच्या मनाची दिशा दिसते.

आपले कर्तव्य

पुढे रस्ते झाले, पूल झाले, आगबोटी बंद पडल्या. १९९८ साली कोकण रेल्वे पूर्ण झाली. जुलै २००५ च्या अतिवृष्टीत दासगावात दरड कोसळून अनेकांचे प्राण गेले. २ ऑगस्ट २०१६ च्या रात्री महाडजवळचा सावित्रीवरील जुना पूल वाहून गेला, त्यातही अनेक प्रवासी मृत्युमुखी पडले. पाण्याकडे पाठ फिरविलेल्या पिढ्यांना नदीने आपले अस्तित्व असे दोनदा दाखवून दिले.

दासगावसंबंधी दोन कामे हाती घ्यावयास हवीत. पहिले म्हणजे त्या दुपारी धक्क्यावर असलेल्या सत्याग्रहींच्या घराण्यांतील आठवणी लिहून घेणे. ते लोक आता हयात नाहीत, पण त्यांच्या मुला-नातवंडांच्या स्मरणात काही शिल्लक आहे. तेही फार काळ राहणार नाही. दुसरे म्हणजे महाडला जाणाऱ्या आपल्या मंडळींनी दासगावचा धक्का व पालेची लेणी आपल्या वाटेत घेणे. धक्क्यापासून लेण्यांच्या पायथ्यावरून तळ्यापर्यंतचे ते पाच मैल पायी चालून पाहावेत, म्हणजे पालेच्या लेखातील 'पथ' या शब्दाचा अर्थ पुस्तकाशिवाय कळेल.

आपल्या जिल्ह्यातही असेच काम पडले आहे. २२ व २३ फेब्रुवारी १९४१ रोजी कसबे तडवळे येथे महार-मांग वतनदार परिषदेसाठी बाबासाहेब आले होते. ज्या तगरहून कापडाच्या गाड्या समुद्राकडे जात, ते तेर तेथून फार दूर नाही. तेरच्या विटा आणि तडवळ्याच्या आठवणी यांची नोंद करण्यास धाराशिवच्या माणसाला कोकणात जावे लागणार नाही. त्या कामाला आपल्या विहारांतील तरुणांनी याच वर्षावासात आरंभ करावा, अशी विनंती आहे.